पाय मोडायचं बटण

आमच्या दुकानात आपल्या आधी मशीनवर कोण बसलं होतं, हे पहिला शब्द टाईप केला की कळतं. गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आमच्याकडं कामाला येणाऱ्या मुलीनं ‘अम्म’ लिहायला घेतलं. कन्नडमधलं अम्म, आई. बारशाची पत्रिका होती. तिनं ए, एम, एफ, एम अशी चार बटणं दाबली आणि पडद्यावर उमटलं ‘ोसिस’. उमटलं कन्नड अक्षरांत, पण वाचायला हेच. सुरुवातीचा ओकार अधांतरी, त्याला धरायला व्यंजनच नाही, म्हणून तिथं ठिपक्याठिपक्यांचं एक रिकामं वर्तुळ. तिच्या आधी त्या मशीनवर मी बसले होते. माझ्याकडं वळून म्हणाली, “अक्का, परत तुमचंच लागलंय बघा.”

लागलंय म्हणजे कीबोर्डची मांडणी, कुठल्या बटणावर कुठलं अक्षर ते. माझं म्हणजे इनस्क्रिप्ट आणि तिचं म्हणजे नुडी या कन्नड सॉफ्टवेअरची मांडणी. तिच्या मांडणीत एफ हे ओत्तक्षर जोडायचं बटण आहे. आपण मराठीत ज्याला अक्षराचा पाय मोडणं म्हणतो, ते. माझ्या मांडणीत पाय डीवर मोडतो आणि एफवर पहिली वेलांटी असते. आमच्यात फरक तसे अनेक, पण रोज नडतो तो हा. जोडाक्षराशिवाय ना मराठीचं पान पुरं होतं, ना कन्नडचं.

दुकान बेळगावातल्या वडगावात आहे. मागच्या गल्लीत अजून माग चालतात, त्यांचा खडखडाट दिवसभर कानावर असतो. झेरॉक्स, लॅमिनेशन, डीटीपी, ऑनलाइन अर्ज, सगळं. सकाळी कुणीतरी नाडकचेरीत, म्हणजे इथल्या महसूल कचेरीत, द्यायला उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज घेऊन येतं, तो कन्नडमध्ये. त्यानंतर लग्नाची पत्रिका, ती मराठीत. मग वकिलांकडचं ॲफिडेव्हिट, ते इंग्रजीत. पत्रिकेतसुद्धा मुलीकडची माणसं गोकाकची असली तर निम्मा मजकूर कन्नडमध्ये लागतो. एकाच कागदावर लिपी तीनदा बदलते. बाहेरच्या माणसाला हे अवघड वाटेल. आम्हाला बोलताना कधी अवघड वाटलं नाही. भाजी घेताना आई कन्नड बोलायची, पैसे मोजताना मराठी, आणि कुठल्या वाक्याला भाषा बदलली हे तिलाही सांगता आलं नसतं. जड जातं ते लिहिताना. बोलताना जीभ आपोआप वळते, टाईप करताना आधी मशीनला सांगावं लागतं की आता अमुक लिपी. आणि दर मशीनला ते वेगळ्या तऱ्हेनं सांगावं लागत असेल, तर दिवस संपता संपता बोटं नुसती बावचळून जातात.

बाबांची टायपिंगची इन्स्टिट्यूट होती, याच जागेत. बारा टाईपरायटर, त्यातले पाच मराठी, दोन कन्नड, बाकी इंग्रजी. बाबा सांगायचे, टाईपरायटर बदलला तर कानाला आवाज वेगळा लागेल, पण बोटाला अक्षर तिथंच सापडलं पाहिजे. पाचही मराठी मशिनी एकाच मांडणीच्या होत्या. एखादीची रिबन फिकी असायची, एखादीचा रेफ जरा वर उडायचा, पण काना म्हणजे काना, तो जागा सोडत नसे. खुणेचं बोट त्याच्या घरावर ठेवलं की बाकी सगळं तिथून मोजायचं. बाबांच्या हाताखाली शिकलेली माणसं पुढं कोर्टात लागली, बँकांत लागली. कुठंही गेली तरी बोटं तीच.

कॉम्प्युटर आला तेव्हा पहिल्यांदा ही सोय गेली. आधी फॉन्टचा काळ होता. आजही गिऱ्हाईक येऊन म्हणतं, “यात मराठी फॉन्ट आहे काय?” त्याला विचारायचं असतं की यात मराठी लिहिता येतं का, पण शब्द फॉन्टचाच बसलाय. त्या काळात ते खरंच होतं. अक्षर आतून इंग्रजीचंच असायचं, वरून त्याला देवनागरीचा अंगरखा. फाइल दुसऱ्या मशीनवर नेली आणि तिथं तो फॉन्ट नसला की मुंजीची पत्रिका म्हणजे कंस, टक्के आणि डॉलरची रांग. दर कंपनीच्या फॉन्टचा कीबोर्ड वेगळा. मी तीन शिकले. त्यातला एकही आता उपयोगाचा नाही, आणि बोटांत मात्र तिन्ही अर्धवट शिल्लक आहेत.

युनिकोड आल्यावर मला वाटलं, सुटलो. अक्षराला कायमचा क्रमांक मिळाला. मराठी ‘क’ चा क्रमांक २३२५, कन्नड ‘क’ चा ३२२१. वजाबाकी केली तर ८९६. मग मी ‘ळ’ घेऊन बघितला. मराठीचा २३५५, कन्नडचा ३२५१. पुन्हा ८९६. दोन्ही लिप्यांची समान अक्षरं एकाच क्रमानं मांडलेली आहेत, समोरासमोर घरं असलेल्या गल्लीसारखी. ही मांडणी इस्की या त्याआधीच्या भारतीय मानकातून आली. युनिकोडनं घेतली ती त्याची १९८८ ची आवृत्ती. पुढं १९९१ च्या आवृत्तीत इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. इनस्क्रिप्टची सुरुवात त्याच्याही आधीची, १९८६ ची, केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं केलेली. कल्पना साधी होती: भारतीय लिप्यांचे आकार वेगळे असले तरी वर्णमाला एका घराण्यातली आहे, तर बटणं एकच ठेवूया.

डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. के वर ‘क’, शिफ्ट धरून ‘ख’. त्याच्या वरच्या ओळीत आय वर ‘ग’, शिफ्ट धरून ‘घ’. एल वर ‘त’ आणि ‘थ’, त्याच्या वर ओ वर ‘द’ आणि ‘ध’. एच वर ‘प’ ‘फ’, वाय वर ‘ब’ ‘भ’. श्वास जोरात सोडायचा तिथं शिफ्ट. ज्याला शाळेत क-ख-ग-घ पाठ झालंय, त्याला हे दोन दिवसांत कळतं. बोटात बसायला महिना लागतो, तो लागतोच.

मी हे शिकले तेव्हा आधी फक्त मराठीसाठी शिकले होते. एक दिवस कन्नड अर्ज करताना सहज मशीनवर कन्नड इनस्क्रिप्ट लावलं आणि न बघता ‘कर्नाटक’ लिहिलं. के, जे, डी, व्ही, ई, मग अवतरणचिन्हाचं बटण, मग के. सात बटणं. कन्नडमध्ये ‘कर्नाटक’ उमटलं. मग भाषा बदलून मराठी केली आणि तीच सात बटणं पुन्हा दाबली. मराठीत ‘कर्नाटक’. मराठीत रफार डोक्यावर बसला, कन्नडमध्ये तो अक्षराच्या उजव्या अंगाला येऊन बसतो, तसा बसला. मी काहीच वेगळं केलं नव्हतं. त्या दिवशी दुकान बंद करायच्या आधी मी अर्धा तास नुसती आडनावं लिहीत बसले. पाटील, जोशी, कुलकर्णी. तीच बटणं, दोन लिप्या. माझी कन्नड वाचायची गती आजही मराठीपेक्षा कमीच आहे, पण बोटांना त्या दिवसापासून कन्नड परकी राहिली नाही.

मग गावाचं नाव लिहिलं. बेळगाव: वाय, एस, शिफ्ट धरून एन, आय, ई, बी. कन्नडमध्ये बेळगावी: वाय, झेड, शिफ्ट धरून एन, आय, ई, बी, एफ. कन्नडमध्ये ऱ्हस्व ‘ए’ वेगळा असतो, आपल्याकडं तो नाही, म्हणून एसच्या जागी झेड. आणि शेवटी एक वेलांटी. १ नोव्हेंबर १९५६ ला हे शहर मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर त्याचं नाव बेळगावी झालं. दर वर्षी त्या तारखेला एका रस्त्यावर राज्योत्सवाची मिरवणूक असते आणि दुसऱ्या रस्त्यावर काळा दिन. सुप्रीम कोर्टातला सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासूनचा. आमच्या घरातली माणसं यात आयुष्यभर मनानं गुंतलेली आहेत, मीही आहे, आणि हे मी हलकं करून सांगत नाही. पण कीबोर्डवर हात ठेवला की सहातल्या पाच बटणांवर दोन्ही नावं एकत्र चालतात, हे माझ्या बोटांना रोज कळतं. मधला ‘ळ’ तर दोघांचा. शिफ्ट धरून एन. हिंदी वळणाची माणसं त्याचा ‘ल’ करतात तेव्हा मराठी गिऱ्हाइकाला जेवढा राग येतो, तेवढाच कन्नड गिऱ्हाइकाला येतो.

तर अशी ही मांडणी हाती लागली. मला वाटलं, आता तिन्ही मशीनवर हेच लावलं की झालं.

तसं होत नाही. यातलं बरंच मला मार खाऊन कळलं, म्हणून जरा सविस्तर सांगते. सीमाभागात माझ्यासारखी किती तरी माणसं दोन-तीन लिप्यांत काम करतात आणि रोज हेच सोसतात.

आधी एक गोष्ट कळायला हवी. कीबोर्ड अक्षर पाठवत नाही. यूएसबी कीबोर्डचं के हे बटण दाबलं की तो कॉम्प्युटरला फक्त ‘१४ नंबर’ एवढंच कळवतो. त्या चौदाचा इंग्रजी के करायचा, मराठी क करायचा की कन्नड, हे मशीनच्या आत ठरतं. आणि आत ठरवणारा एकटा नाही. लॉगिनचा पडदा एक ठरवतो. आपण आत गेल्यावर आपल्या खात्याची सेटिंग दुसरं ठरवते. कधी प्रत्येक खिडकी आपापलं ठरवते. एका जागी बदल केला म्हणजे तो सगळीकडं पोचला, ही समजूत चुकीची आहे. तहसीलला दिलेला अर्ज ग्रामपंचायतीत आपोआप पोचत नाही, तसंच.

लॉगिनचा पडदा मला नडला तो जूनमध्ये. शाळा-कॉलेजचे प्रवेश चालू, दाखल्यांना रांग. जुन्या मशीनवर भाच्यानं विंडोजच्या जागी लिनक्स ही दुसरी प्रणाली घालून दिली होती, आणि मी आदल्या रात्री त्यातली कीबोर्डची मूळ फाइल उघडून, मोठ्या हौसेनं, मराठी पहिल्या नंबरवर टाकली होती. माझं मशीन, माझी भाषा पहिली. सकाळी पासवर्ड टाकला, चुकला. पुन्हा टाकला, चुकला. सावकाश एकेक बटण बघून टाकला, तरी चुकला. पासवर्डच्या चौकटीत ठिपके येतात, आणि ठिपक्यांना लिपी नसते. बाहेर माणसं उभी, त्यातली दोन मुलं त्याच दिवशी कागद द्यायचे म्हणून आलेली. भाच्याला फोन लावला. तो म्हणाला, “मावशी, पासवर्ड तू मराठीत टाकतीयस. खाली कोपऱ्यात बघ.” खाली कोपऱ्यात मांडणीचं एवढंसं बटण होतं. त्यावर क्लिक करून इंग्रजी निवडलं आणि दार उघडलं.

त्यानं मला संध्याकाळी नीट समजावलं. लिनक्समध्ये एक सेटिंग सबंध मशीनचं असतं, लॉगिनचा पडदा ते वाचतो. दुसरं सेटिंग आपल्या खात्याचं, ते आपण आत आल्यावर लागतं आणि पहिल्यावर मात करतं. डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या प्रकारांत मशीनच्या सेटिंगची एक छोटी फाइल असते, तिच्यात मांडणी आणि तिचा पोटप्रकार लिहिलेला असतो. खात्याचं सेटिंग डेस्कटॉपच्या स्वतःच्या यादीत. पडद्यावर खिडक्या दाखवायच्या जुन्या एक्स पद्धतीत एका आज्ञेनं मांडणी बदलता यायची आणि बहुतेक खिडक्या ते ऐकायच्या. नव्या वेलँड पद्धतीत ती आज्ञा चालत नाही, तिथं डेस्कटॉप सांगेल तेच खरं. जुन्या सवयीनं इंटरनेटवरून आज्ञा उचलून चालवणाऱ्यांची फसगत तिथंच होते. आणखी एक मर्यादा त्यानं सांगितली ती उपयोगाची आहे: एक्स पद्धतीत एका वेळी फार तर चार मांडण्या लावता येतात. मला तीन लागतात, म्हणून भागलं. कुणाला उर्दू आणि तेलुगूही लागत असेल तर आधीच विचार करावा.

तेव्हापासून माझा नियम एकच: मशीनच्या सेटिंगमध्ये इंग्रजी पहिली, कायम. पासवर्ड इंग्रजीत. आपल्या भाषेचं प्रेम लॉगिनच्या पडद्यावर दाखवायला जाऊ नये. मला तो सल्ला द्यायला तेव्हा कुणी नव्हतं, म्हणून इथं लिहून ठेवते.

विंडोजमध्येही हे दोन मजले आहेतच. आपल्या खात्यात मराठी आणि कन्नड घातलं तरी लॉगिनच्या पडद्याला आणि पुढं नव्यानं काढायच्या खात्यांना ते आपोआप लागत नाही. कंट्रोल पॅनेलमध्ये रीजनच्या शेवटच्या टॅबवर ‘कॉपी सेटिंग्ज’ म्हणून बटण आहे, तिथून ते पोचवावं लागतं. किंवा पोचवायचं नाही, हे ठरवून सोडावं लागतं. मी सोडलं.

पण या सगळ्यात मनाला लागलं ते खिडक्यांचं प्रकरण. विंडोजमध्ये एक सेटिंग असतं, प्रत्येक खिडकीला वेगळी इनपुट पद्धत ठेवायची की सगळ्यांना एकच. माझ्या एका मशीनवर ते चालू होतं, दुसऱ्यावर बंद. कुणी केलं, केव्हा केलं, आठवत नाही. चालू असलेल्या मशीनवर वर्डमध्ये मराठी लावलं तरी ब्राउझरची खिडकी इंग्रजीतच राहते. बंद असलेल्यावर एकीकडं बदललं की सगळीकडं बदलतं. माझ्या बोटांनी दुसऱ्या मशीनची सवय घेतली होती आणि त्या दिवशी मी पहिल्यावर बसले होते. खानापूर तालुक्यातल्या गावाहून एक काका बसनं आले होते. पेन्शनच्या कामाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा होता. नाव, वय, सगळं त्यांना विचारून, वाचून दाखवून भरलं. जिल्ह्याचा रकाना शेवटी आला. मी कागदाकडं बघत टाईप केला, मान वर न करता, आणि फॉर्म पाठवला. चार दिवसांनी तो परत आला. जिल्ह्याच्या जागी वाय, एस, एन, आय, ई, बी अशी इंग्रजी अक्षरं. ‘बेळगाव’च होतं ते, माझ्या बोटांनी बरोबरच लिहिलं होतं. काकांना पुन्हा बसनं यावं लागलं. पाऊस होता. त्यांनी एक शब्दानं बोल लावला नाही, उलट मलाच म्हणाले, “असू दे गे पोरी, मशीनचं काय सांगता येतंय.” मला ते आजही बरं वाटत नाही. मशीननं काही चुकवलं नव्हतं. दोन मशीन दोन तऱ्हांनी वागत होत्या, आणि त्यांना एका तऱ्हेनं वागायला लावणं हे माझं काम होतं.

त्या रविवारी दुकान बंद ठेवून तिन्ही मशीनवर बसले. प्रत्येक ठिकाणी तीनच मांडण्या ठेवल्या, तीही त्याच क्रमानं: इंग्रजी, मराठी, कन्नड. केव्हातरी आपोआप घुसलेली हिंदी, अमेरिकन इंग्रजीच्या शेजारी उगाच बसलेली दुसरी इंग्रजी, सगळं काढलं. खिडकीगणिक भाषा बंद केली. आणि बदलायचं बटण बदललं. हे शेवटचं सगळ्यात कामाचं आहे. विंडोज आणि स्पेस दाबत गेलं की भाषा चक्रासारखी फिरते, म्हणजे पुढची कुठली येणार हे कळायला आत्ता कुठली आहे ते लक्षात ठेवावं लागतं. दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलत कोण लक्षात ठेवणार? म्हणून थेट बटणं दिली. डावा आल्ट आणि शिफ्ट धरून १ म्हणजे इंग्रजी, २ म्हणजे मराठी, ३ म्हणजे कन्नड. आधी काहीही असो, २ दाबलं की मराठीच. लिनक्सच्या मशीनवर केडीई नावाचा डेस्कटॉप आहे, तिथंही प्रत्येक मांडणीला तिचा शॉर्टकट देता येतो, तोच दिला. आता कुठल्याही खुर्चीवर बसले तरी लिहायच्या आधी एकदा दाबते, न बघता. देवळात शिरताना हात आपसूक घंटेकडं जातो, तसा हात तिकडं जातो.

मराठीच्या बाबतीत आणखी एक करावं लागलं. ‘शेतकऱ्याला’ लिहिताना मी शिफ्ट धरून जे दाबते, म्हणजे नुक्ता असलेला ‘ऱ’, मग पाय मोडून ‘य’. माझ्याकडच्या जुन्या फाइलींत तोच शब्द साध्या ‘र’ ला एक न दिसणारं जोडचिन्ह लावून लिहिलेला होता. डोळ्याला दोन्ही सारखेच, पण शोधायला गेलं की एक सापडतो आणि दुसरा नाही. ‘ॲडव्होकेट’चंही तसंच. ‘ॲ’ ला युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ मध्ये मिळाली, त्याआधीची सवय ‘अ’ लिहून वर चंद्र काढायची. वकिलांचे नमुने शोधताना अर्धे हरवायचे ते यामुळं. नमुन्यांच्या फाइली बसून दुरुस्त केल्या. किती दिवस लागले ते राहू दे.

फोनला मी हात लावला नाही. त्याचा कीबोर्ड वेगळाच, तिथं इंग्रजीत ‘मी’ लिहिलं की मराठी होतं, आणि अंगठ्यांना ते पुरतं.

हे सगळं लावून झालं आणि सोमवारी सकाळी ती मुलगी आली. मी तिला कौतुकानं दाखवलं. आता सगळीकडं एकच, आता गोंधळ नाही. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “अक्का, एकच म्हणजे तुमचंच की.”

मी गप्प झाले. ती हुक्केरी भागातली, कन्नड शाळेत शिकलेली. के. पी. राव यांनी कन्नडसाठी तयार केलेली आणि कन्नड गणक परिषदेनं नुडीतून घराघरात नेलेली मांडणी तिच्या बोटांत बसली आहे, जशी माझ्या बोटांत माझी. कर्नाटकातल्या ऑफिसांत तीच चालते. तिनं पुढं सरकारी नोकरीची परीक्षा दिली तर तिला तीच लागणार. आणि मी तिला सांगत होते, माझं शीक, म्हणजे दुकानात सारखेपणा येईल. या भागात वाढलेल्या माणसाला हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायची सवय आहे. आपल्याच तोंडून आलं की ते कानाला कसं लागतं, ते त्या दिवशी कळलं.

मग लिनक्सच्या मशीनवर दोन खाती काढली. एक माझं, एक तिचं. मशीनचं सेटिंग इंग्रजी, दोघींना सारखं. आत गेल्यावर तिच्या खात्यात तिची कन्नड, माझ्या खात्यात माझी. बदलायची बटणं मात्र दोन्हीकडं तीच, एक-दोन-तीन. बाबांच्या मशिनी सारख्या होत्या कारण शिकणारे सगळे बाबांकडंच शिकलेले होते. इथं दोन हात दोन ठिकाणी शिकून आलेले. सारखं राहायला हवं ते ज्याच्या-त्याच्या हाताला, खुर्चीला नव्हे.

तिच्या खात्यात मराठी लावताना मी लिनक्सची यादी उघडली. मराठीच्या खाली एक नाव दिसलं: ‘मराठी (कगप, फोनेटिक)’. कगप म्हणजे कन्नड गणक परिषद, तिच्याच नावाची आद्याक्षरं. म्हणजे कन्नडसाठी बनलेली ती मांडणी कुणीतरी मराठीतही आणून ठेवली होती, देवनागरी अक्षरं लावून. पाय मोडायला एफ, ‘ळ’ ला शिफ्ट धरून एल. जगात कुठंही लिनक्स लावणाऱ्याला त्या यादीत मराठीच्या नावाशेजारी कन्नड परिषदेचं नाव दिसत असणार. मी तिला हाक मारून दाखवलं. ती वाकून बघत राहिली आणि म्हणाली, “मग मराठी पण मी माझ्याच बोटांनी लिहू शकते की!” लावून दिली. पहिल्याच दिवशी तिनं मराठीत एक पूर्ण पत्रिका केली. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका होत्या, जोडाक्षराची एकही नव्हती.

परवा वडगावातलेच एक दादा आले. सौंदत्तीला देवीला जाऊन आलेले, घरी देवीचं जेवण ठेवलेलं. आमंत्रण दोन्ही भाषांत हवं होतं. माझ्या मशीनवर लॅमिनेशनच्या कागदांचा ढीग होता, ती तिच्या खात्यावर काम करत होती. मी म्हटलं, ऊठ जरा, मी करते. खुर्चीवर बसले, डावा आल्ट-शिफ्ट-३ दाबलं, आणि मग लक्षात आलं की ही माझी कन्नड नाही. तिनं खाती बदलायला हात पुढं केला. मी म्हटलं, राहू दे.

“यल्लम्मला दोनदा एफ ना?”

“दोनदा, अक्का. वाय, एल, एफ, एल. मग एम, एफ, एम.”

एकेक बटण बघत, बाबांच्या इन्स्टिट्यूटमध्ये पहिल्या दिवशी बसलेल्या पोरीसारखी, मी टाईप केलं. देवीचं नाव बरोबर उमटलं. दादा मागं उभे होते. म्हणाले, “आता खाली मराठीत.”

“ते तू कर,” मी तिला म्हटलं आणि खुर्ची दिली.